‘अगं’ची वाट

पक्षाघातानंतर बाराव्या दिवशी हे, म्हणजे माझा नवरा, पहिलं अख्खं वाक्य बोलले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणाले, "जी, रख दीजिए."

मला हसूच आलं. मग लक्षात आलं, ही थट्टा नव्हे.

डॉक्टरांनी सांगितलं, ऐकलेलं समजण्याची मेंदूतली जागा वेगळी आणि बोलण्याची वेगळी. यांची समजण्याची शाबूत होती. दोन भाषा येणाऱ्या माणसाची कधीकधी एकच आधी परत येते, कुठली ते सांगता येत नाही. म्हणजे माझं मराठी यांना कळत होतं, उत्तर मात्र हिंदीत, तेही ऑफिसातल्या. पस्तीस वर्षं फायलींवर घासलेली भाषा टिकली आणि घरातली गेली, याचा मला भयंकर राग आला. मेंदूवर रागावून काय उपयोग, पण आला.

दिल्लीत, करोल बागेतल्या या घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मुलगी गुडगावला, "आई, बिल्कुल टेन्शन नको घेऊ" एवढंच तिचं मराठी उरलंय. यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अगं" हेच माझं नाव. मी "अहो" म्हटलं की यांचं "काय गं?" ठरलेलं. आता मी "सुनिए मैडम" झाले होते. स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं.

यांना स्पीच थेरपी द्यायला येणारी तरुणी म्हणाली, "आंटी, आप मराठी में बोलते रहिए." म्हणून मी दिवसभर बडबडत राहिले. अहो, चहा. अहो, गोळी घ्यायचीय. अहो, ऊन आलं, खुर्ची सरकवू का? उत्तरं हिंदीतच यायची. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

असे पाच महिने गेले. परवा दुपारी मेथी निवडत होते. आतून हाक आली, "अहो."

हातातली जुडी तशीच राहिली. इतके दिवस कानावर पडलेला माझाच शब्द यांनी उचलला होता. अहो नव्हे, अगं म्हणा, असं अगदी ओठांवर आलं. पण दारात जाऊन पाहिलं तर चेहऱ्यावर एवढा आनंद, की चूक काढायचा धीर होईना.

"काय गं?" मी विचारलं.

हे वाकड्या ओठांनी हसले. पाच महिन्यांनी घरात "गं" ऐकू आलं. म्हणावं मात्र मलाच लागलं.