काचमामाची टिचकी

काचमामाच्या हाती चहाचा ग्लास दिला, की तो आधी त्याला नखाने टिचकी मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच घोट घ्यायचा. बोईसरचा टपरीवाला वैतागायचा, "मामा, चहा पी! देवळातली घंटा हाय का ती?" मामा शांतपणे म्हणायचा, "तडा डोळ्याला मागून दिसतो, कानाला आदी."

मामा चिंचणीचा. तारापूरच्या कारखान्यांतली प्रयोगशाळेची काचेची भांडी तो आगीवर दुरुस्त करायचा. मी तिथेच केमिस्ट. आमच्या डोंगरातल्या पाड्यावर कॉलेज पास झालेली मी पहिली, हे मी त्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तेव्हापासून मी त्याची 'बीएस्सी बाय'.

बोईसरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मोठ्या हौसेने आईला आणलं. तिने कपड्यांची बांधलेली पिशवी दारामागे ठेवली, ती सोडलीच नाही. "हितं हाताला माती लागत नाय," म्हणाली. "महिनाभर बघते, नाय तर जाते." पाड्यावर ती एकटी पडली असती. हे मामाला सांगितलं, तर तो उठलाच. "मग मातीच वर नेऊ की!"

वाहतुकीत गळा तडकला म्हणून भंगारात निघालेला एक भलामोठा कोरा काचेचा चंबू त्याने मागून घेतला. तडकलेला भाग कापला, आगीवर काठ गुळगुळीत केला. मला तर कधी एकदा घरी नेते असं झालेलं! पण मामा हात लावू देईना. "काचेला घाई चालत नाय. निवू दे तिला."

रविवारी आमच्या हॉलमध्ये त्या चंबूत बाग लावली. खाली खडी, वर कोळसा. मी मोबाईलवर वाचून दाखवत होते, "माती निर्जंतुक हवी." माझी पाठ वळताच आईने पाड्यावरून फडक्यात बांधून आणलेली माती आत ओतली. मामाने पाहिलं आणि हळूच ती सारखी केली. लांब चिमट्याने त्याने नेचे रोवले, शेवाळ बसवलं, झाकण लावलं. थोड्या वेळात काचेवर वाफ धरली, एक थेंब घरंगळत मातीत पडला आणि मी ओरडलेच, "पाऊस!" आईसुद्धा हसली.

दहा दिवसांनी शेवाळातून हिरवी पाती वर आली. तण म्हणून मी चिमटा उचलला.

"हात लावू नको!" आई धावली. "नागली हाय ती! आपली!" पाड्याच्या मातीतून नाचणी उगवली होती.

मी मामाला फोन केला. "उपटू का? वाढली तर झाकण बसणार नाही."

"बीएस्सी बाय, झाकण काढ. शेताला झाकण कोण घालतं?"

काढलं. शेवाळ थोडं सुकलं, पण आई सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागली. नागली काचेबाहेर आली, बारकं का होईना कणीस धरलं, आणि त्या दिवशी आईने मजल्यावरच्या सगळ्या बायकांना घरात बोलावून दाखवलं.

पुढे आगीसमोर बसून मामाचे डोळे अधू झाले. काम सोडून तो लांब लेकीकडे राहायला निघाला, तेव्हा भिंतीला हात लावत आमचे तीन मजले चढून आला. चहा प्यायला, अर्थात टिचकी मारूनच. निघताना दारामागे पायाने चाचपलं.

"पिशवी कुठं गेली?"

"ती कवाच सोडली, भाऊ," आई म्हणाली.

मामा परत आत वळला. चंबू हाताने शोधला, नखाने टिचकी मारली, मान तिरकी करून ऐकलं.

"तडा नाय," म्हणाला, आणि जिना उतरू लागला.