पुढं पोराचे इचार हायती

लहानूआप्पा आमच्या पत्रकाचा अंक दर महिन्याला मोठ्याने वाचायचे आणि माझा लेख आला की पान मिटायचे. "पुढं पोराचे इचार हायती," एवढेच सांगून ते गिरणीत पुढची पाटी ओतायचे. लेखासाठी मी आठ-आठ दिवस डोके धरून बसलेला असे, पण त्याची वासलात अशी चार शब्दांत लागे.

आप्पांची पिठाची गिरणी आमच्या बौद्धवाड्याच्या कडेला, शिरूरच्या रस्त्यावर होती. त्यांची सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे शेडमध्ये, इंजिनांच्या धडधडाटात गेली होती. त्यामुळे हळू बोलणे त्यांना ठाऊकच नव्हते आणि गिरणी चालू असली तरी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. वस्तीत वाचता येणारी माणसे थोडी. दळणाला आलेली मंडळी भिंतीला टेकून बसत आणि पिठाने भुवया पांढऱ्या झालेले आप्पा अंक वाचत. कोणाला मुलगी झाली, कोण मुंबईहून आले, विहारात कोणाचे भाषण आहे, कोणाची शेळी हरवली, हे सगळे ते चवीने वाचत. फक्त माझा लेख गाळत.

'वस्तीवार्ता' काढायची ठरली तेव्हा तरुण मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले होते. तिसऱ्या अंकापर्यंत मी एकटा उरलो. वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून हे काम माझ्याकडे आले असे मला वाटे. खरे म्हणजे बाकीच्यांना दुसरी कामे होती. बातमी मागायला गेलो की "उद्या देतो" म्हणत आणि अंक निघाला की "आमचं का न्हाई छापलं?" म्हणून दारात येत. शिरूरच्या टायपिंग क्लासवाल्याकडे बसून मी स्टेन्सिल कापायचो आणि त्याच्या सायक्लोस्टाइल यंत्राची शाई शर्टाला लावून घरी यायचो. एकदा हरवलेली शेळी काळी लिहिली गेली. ती बांडी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती. शेळीची मालकीण सोनाबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

एवढे करून लेखसुद्धा कोणी ऐकू नये, याचा मला फार राग येई. एकदा धीर करून मी आप्पांना विचारले, "लेखात काय वाईट असतं?"

"वाईट न्हाई रे. खानावळीची आमटी हाय. कितीबी ढवळलं तरी डाळ घावत न्हाई."

बसलेल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. त्या रात्री मी पत्रक बंद करायचे ठरवले. सकाळी सोनाबाई दारात हजर. "शेळी घावली म्हनून छाप. आन् आता बांडी लिही." पत्रक काही बंद झाले नाही.

त्या उन्हाळ्यात माझी बहीण कुसुम सातवी पास झाली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच; पुढे शिकायचे तर माझ्या कॉलेजसारखे शिरूरला जावे लागे. जूनपासून तिला आईबरोबर कांद्याच्या खुरपणीला न्यायचे, असे दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठरवून टाकले होते. सातवीची पुस्तके कुसुमने नीट बांधून फळीवर ठेवली. दादांसमोर उभे राहून बोलायची माझी छाती नव्हती. दादांना वाचता येत नव्हते, पण अंक निघाला की ते गिरणीवर येऊन बसत. म्हणून मे महिन्याच्या अंकात मी लेख लिहिला, 'समाजातील मुलींचे शिक्षण'. इतक्या मनापासून मी आधी काहीच लिहिले नव्हते.

त्या संध्याकाळी दादा जोंधळ्याची पाटी घेऊन आले. आप्पांनी जन्म वाचले, लग्ने वाचली, पान उलटले आणि म्हणाले, "पुढं पोराचे इचार हायती."

मी उठलोच. "आप्पा, एवढा एक लेख तरी वाचा. तुम्ही बघतसुद्धा नाही, काय लिहिलंय ते!"

"समदं बघतो. दर म्हयन्याला आधी मनात वाचतो, मगच तोंड उघडतो." त्यांनी इंजिन बंद केले. पट्टा थांबला आणि त्यांचा तो आवाज एकदम उघडा पडला. "दर म्हयन्याला तू तुझ्या बापाशी बोलतूस आन् तोंड माझं वापरतूस. मी काय तुझा भोंगा हाय? घे. तुझं तूच वाच."

अंक माझ्या हातात कोंबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाचू लागलो, "आज समाजामध्ये मुलींच्या शिक्षणाबाबत जी उदासीनता दिसून येते..."

"कुनाच्या पोरी?" आप्पा म्हणाले.

मला पुढची ओळ दिसेना. मी कागद खाली केला. "आमची कुसुम, दादा. तिला आठवीत घाला."

दादांनी पाटीतल्या जोंधळ्यात बोटे फिरवली. मग म्हणाले, "मंग हे घरी बोलायचं. त्याला चार पानं कशाला छापली?"

मी अंकाची घडी घालू लागलो, तोच दादांनी पुन्हा विचारले,

"शिरूरला एकली जाईल व्हय ती?"

"माझ्याबरोबर. सकाळच्या यष्टीनं. येताना थांबीन मी तिच्यासाठी."

दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "आप्पा, दळन करा," एवढेच बोलले. ते इंजिन एकदा थांबले की लवकर सुरू होत नसे. आप्पा हँडल मारता मारता मलाच शिव्या घालत होते.

पुढचे काही दिवस घरात हा विषय निघाला नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दादा आईला म्हणाले, "पोरीची येनी घट्ट घाल उद्या. यष्टीत लई गर्दी असती."

मला वाटले, आता तरी आप्पा लेख वाचतील. कुठले काय! त्यानंतर दर महिन्याला माझ्या पानाशी आले की ते अंक माझ्यापुढे धरत. "या संपादक, तुमचं तुमी वाचा." मग मी वाचायचो आणि लोक मध्येच विचारायचे, कोणाबद्दल बोलतोयस, कुठं झालं हे. माझे लेख आखूड होत गेले. मला ते आवडत नव्हते.

दोन वर्षांनी आप्पांना धूळ सोसेना. गिरणी विकून ते मुलीकडे दौंडला निघाले. शिरूरपर्यंत आम्ही एकाच यष्टीत होतो. स्टँडवर उतरताच कुसुमने दप्तर सावरले. "जयभीम आप्पा, येते, प्रार्थना सुरू होईल," म्हणत ती पळालीसुद्धा. आप्पा ती वळेपर्यंत तिकडे बघत उभे राहिले. मला वाटले, आता दोन शब्द चांगले बोलतील. निदान आज.

"ह्या म्हयन्याचा अंक कुठाय?" त्यांनी विचारले.

"आप्पा, माझी परीक्षा होती."

"परीक्षा तुझी. लोकांनी का म्हनून थांबायचं? दौंडला पोष्टानं धाडायचा, ध्यानात ठेव. आन् उशीर नगं."

दौंडची गाडी लागली. ट्रंक टपावर चढवून मी खाली उतरलो, तरी ते खिडकीतून ओरडतच होते. गाडी सुटली. मी इतका चिडलो होतो की कॉलेजात न जाता तसाच टायपिंग क्लासवाल्याकडे गेलो आणि स्टेन्सिल कापायला बसलो.