सारवलेली जमीन

मदतीला आलेल्या माणसांचा मला अजून राग येतो. हे ऐकून लोक म्हणतात, बाईला केल्याची जाण नाही. म्हणू दे. ज्यांच्या चुलीजवळची भुई उकलली नाही त्यांना बोलायला काय जातंय.

आमचं गाव गोदावरीच्या काठी, विष्णुपुरीच्या धरणाखाली, मुदखेडच्या बाजूला. वरची गल्ली मुरमावर वसलेली आणि आमची खालची गल्ली नदीच्या जुन्या वाळूवर. माझं माहेर लातूरकडचं. तिकडं मोठा भूकंप झाला तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते. त्यातलं फारसं आठवत नाही, पण आजोबा पक्के आठवतात. पंचनामा होईस्तोवर पडलेल्या घराला ते कुणाला हात लावू देत नव्हते. दारात खाट टाकून बसायचे आणि जवळ येईल त्याला शिव्या घालायचे. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची.

इकडं बारीक धक्के आता नवे राहिले नाहीत. भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, पुन्हा आत जाऊन चहा ठेवतात. दोन वर्षांपूर्वी सकाळी आलेला धक्का मात्र तसा नव्हता. हादरा थांबला, आणि मग चुलीपासून दोन हातांवर भुई उकलली. तिच्यातून करडं पाणी आणि बारीक वाळू वर आली, पिठलं रटरटतं तशी. बघता बघता खोलीत गुडघ्याएवढी वाळू साचली. मागची भिंत वीतभर खाली बसली. माझी पोरगी अंगणात दात घासत होती म्हणून वाचली. तिचं अंथरूण त्या भेगेवरच होतं, ते सगळं गाडलं गेलं. उशाखालचा घरातला एकुलता एक फोनही त्यातच गेला. तुम्ही फोटो कसे काढले नाहीत, असं विचारणाऱ्या शहाण्यांसाठी हे सांगते.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून एक जाणता माणूस येऊन गल्ली पाहून गेला. पाण्यानं भिजलेली वाळू हादरली की घडीभर पातळ होते आणि वरचं ओझं खाली बसतं, असं त्यानं समजावलं. आत पोकळ झालं असेल, इथं झोपू नका, म्हणाला. ज्यांच्या पंचनाम्यात ‘घर राहण्यास अयोग्य’ असं येईल त्यांना वर गायरानात जागा मिळणार, असं सरपंचानं सांगितलं. मला तेवढंच पाहिजे होतं. पोरीला घेऊन त्या वाळूवरून उठायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तलाठ्याला आणायला तालुक्याला निघाले. जाताना नवऱ्याला आणि सासूला बजावलं, “वाळूला हात लावू नका. तलाठी भाऊसाहेबांना घर हाय तसंच दिसलं पाहिजे.” नवरा हाव म्हणाला. सासूनं तेवढ्यात कोपऱ्यातला खराटा उचलला, तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं.

आमच्याकडं सावडीची रीत आहे. खुरपणीला, काढणीला आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या रानात. अडचण दिसली की माणसं बोलावण्याची वाट बघत नाहीत. मी एसटीत बसले आणि इकडं अख्खी वरची गल्ली फावडी-घमेली घेऊन आमच्या दारात आली.

दुपारी मी परत आले, मागोमाग मोटारसायकलवर तलाठी. दारात रांगोळी होती. आत वाळूचा कण नव्हता. भेग त्याच वाळूनं बुजवून वर माती चोपली होती आणि सासूनं ती शेणानं सारवली होती. खचलेल्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे कुणी करायला सांगितलं?”

नवरा पंच्यानं घाम पुसत म्हणाला, “अगं, माणसं आपण होऊन आली. त्यांना नको कसं म्हणावं?”

“तोंडानं म्हणावं.”

“साहेब येणार अन् घराचा उकिरडा दाखवायचा व्हय?” सासू म्हणाली. “चार लोकांत आपली काही अब्रू हाय का न्हाई?”

तलाठ्यानं उंबऱ्याशी बूट काढले. ओलं सारवण खराब होऊ नये म्हणून. मी मनातल्या मनात त्याला शिवी दिली.

“घर तर चांगलं हाय की, बाई.”

मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि सगळ्यात गुळगुळीत दिसत होतं तिथं हाणली. दुसऱ्या घावाला पहार हातातून सुटली आणि आत गेली, वर फक्त मूठभर राहिली. “हे चांगलं हाय?” मी विचारलं.

“हे तुम्ही आता माझ्यासमोर खोदलं. हे भूकंपात कसं लिहू?” तो म्हणाला. “आधी काय होतं ते इथल्या चार माणसांनी पंच म्हणून सांगावं.”

मी दारातल्या माणसांकडं वळले. वाळू कुठवर होती, सांगा म्हटलं. सगळ्यांचे पाय करड्या चिखलानं भरलेले होते पण एकालाही तोंड नव्हतं. शेवटी एक म्हातारा म्हणाला, “होती थोडीफार. काढली ना आम्ही.” मागून एक बाई पुटपुटली, “सकाळपासून उपसून राहिलो, अन् ही आपल्यालाच नावं ठेवून राहिली.”

“तुम्ही तरी सांगा,” मी नवऱ्याला म्हटलं. “पोरीचं अंथरूण कुठून निघालं ते सांगा.”

त्यानं आईकडं पाहिलं, मग दारातल्या माणसांकडं पाहिलं. तलाठी लिहू लागला. लिहिलेलं त्यानं मोठ्यानं वाचलं: किरकोळ तडे, घर राहण्यास योग्य. सह्या करा म्हणून त्यानं कागद पुढं धरला. वरच्या गल्लीतलं कुणी पुढं होईना. माझी त्यांच्याकडं बघायची तऱ्हाच तशी होती.

मग माझ्या नवऱ्यानं बादलीत हात धुतले, पंच्याला नीट पुसले आणि पहिली सही केली.