लंडन ते मेहकर : तीस तास

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये ऑफिसचा डबा भरत होते. फोन काकांचा होता. "बेटा, दादा गेला. तू नीघ. घाई करू नको, आमी थांबतो," एवढंच म्हणाले. सव्वा महिना झाला, पण ते 'घाई करू नको' अजून कानात आहे...

बाबा मेहकरच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. उभी हयात गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली, त्यामुळे अंतर त्यांना तासांतच कळायचं. चिखली किती लांब म्हणून विचारलं, तर ते किलोमीटर कधी सांगत नसत. मी नोकरीसाठी लंडनला निघाले तेव्हा त्यांनी चष्मा लावून माझं तिकीट वाचलं आणि पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली. जाताना पावणेपाच तास, परतीचे साडेतेरा. सात हजार किलोमीटर पावणेपाच तासांत, हे त्यांनी अख्ख्या स्टँडला सांगितलं. तिकिटावर त्या त्या शहरातली वेळ छापतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी हसले, तर चिडले.

"हासून काऊन राह्यली? कागदावर लिहेल हाय. पोरगी जाते पटकन, येते उशिरानं."

पुढच्या सुट्टीत मी दोन घड्याळं समोर ठेवून समजावलं की विमानाला दोन्हीकडून नऊ तासांच्या आसपासच लागतात. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक घड्याळ आणून त्यांनी ते साडेचार तास मागं लावलं आणि बैठकीत टांगलं. तेव्हापासून मी जेवायला बसले की नेमका फोन यायचा. कामाचं निमित्त सांगून मी तो कितीदा कापला... आता त्याची लाज वाटते.

माझ्या माघारी त्यांनी एक तक्ता करून काकांकडे दिला होता. लंडनच्या घरापासून मेहकरच्या घरापर्यंतचा प्रत्येक टप्पा, त्यात विमानाचे तेच साडेतेरा, बेरीज तीस तास. खाली लिहिलं होतं, 'माझ्या वेळी एवढं थांबावं.'

नेमकं त्या दिवशी विमान उशिरा सुटलं, आणि पुढे घाटात ट्रक उलटलेला. गाडीतून मी कळवलं की अजून वेळ लागेल. इकडे नातेवाईक कुरकुरायला लागले. चुलतभावाने मोबाइलवर विमानाचे तास काढले आणि तक्ता चुकल्याचं सगळ्यांना दाखवलं. काकांनी खिशातला कागद पुढे केला आणि दादाचा टाइम अजून झाला नाही, एवढं बोलून ते दारात खुर्ची टाकून बसले. मी पोचले तेव्हा तीस तास भरायला वीस मिनिटं बाकी होती. बाबांचा चेहरा मला पाहायला मिळाला. पायांवर डोकं ठेवता आलं.

तेरवी झाल्यावर मी काकांना विचारलं, बाबांना खरे तास कळले होते, मग कागदावर साडेतेराच कसे राहिले?

"म्या म्हटलं होतं त्याले, दुरुस्त कर. तो म्हणे, राहू दे. टायम कमी धरला का डायवर गाडी पळवते. पोरगी सारा रस्ता घाबरत येईन..."

तो कागद आता बाबांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. साडेतेरावर मी पेन लावलेला नाही. बैठकीतलं दुसरं घड्याळ चालू आहे. आई त्यात माझ्या जेवणाची वेळ बघते आणि फोन लावते. मी पहिल्या रिंगलाच उचलते.