गिनकाआजीचे पाचशे मीटर, बोलत बोलत

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस डॅन्यूबकाठच्या आमच्या सिलिस्त्रा गावात बातमी फिरली की गिनका दोन्चेवा दांडी ओढून वल्हवायच्या रोइंग मशीनवर बसल्या बसल्या गेली. बाजारात लोणच्याच्या बरण्या विकणारी बाई सांगत होती, "दांडी हातातून सुटेना म्हणे. दांडीसकट न्यावी लागली." बेकरीपर्यंत पोचता पोचता दांडीला साखळीही लागली होती. आमच्या शाळेच्या रखवालदाराने त्यावर कळस चढवला: "बाई गार पडली, तरी मशीनचा पंखा फिरतच होता."

त्या वेळी गिनकाआजी तिच्या स्वयंपाकघरात घेवड्याचे दाणे निवडत बसली होती. ती आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, आम्ही वरच्या. तिच्या घरातला आवाज जिन्यातून आमच्याकडे येतो आणि मी तो वाया जाऊ देत नाही. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका.

दहा वर्षांपूर्वी आजीची थोरली बहीण दोब्रिन्का वारली. दोघी तरुणपणापासून डॅन्यूबवर एकाच नावेत वल्ही मारायच्या. आमच्याकडे माणूस गेलं की दारावर, बसथांब्यावर, कोपऱ्यावरच्या झाडावर त्याच्या फोटोचा कागद लागतो, आणि पुढे वर्षश्राद्धालाही नवा लागतो. यंदाचा कागद काढायचं काम आजीची मुलगी स्नेझिना हिच्याकडे होतं. ती समुद्राकाठच्या वार्नाला असते. तिने दोघी बहिणींचा नावेतला जुना फोटो मोबाईलवरून छापखान्यात पाठवला आणि कळवलं, यातली एक काढून टाका. छापखान्याने दोब्रिन्काला काढून टाकलं.

बाकी कागद अगदी बरोबर होता. नाव दोब्रिन्काचं, तारीख दोब्रिन्काची, 'दहा वर्षं तुझ्याविना' हेही बरोबर. फक्त वर हसत होती ती गिनकाआजी. पण असला कागद वाचतो कोण? चेहरा दिसला की माणूस हळहळतो आणि बस पकडतो. त्यात याच हिवाळ्याच्या सुरुवातीला आजी वल्हवणाऱ्यांच्या क्लबात मशीनवरून खरोखरच चक्कर येऊन पडली होती आणि रुग्णवाहिका सगळ्यांनी पाहिली होती. उरलेली गोष्ट गावाने आपली आपण जुळवली.

सांत्वनाला सगळ्यात आधी पोचली फिदान्काआजी. पन्नास वर्षं या दोघी एकमेकींना हरवत आल्या आहेत, आधी नदीवर, आता मशीनवर. काळा रुमाल बांधून, चार कार्नेशन घेऊन ती जिन्यात उभी राहिली, नाक पुसलं आणि बेल वाजवली. गिनकाआजीने दार उघडलं.

"तू?" फिदान्का म्हणाली.

"मग दुसरं कोण उघडणार? मी एकटीच राहते."

"अगं, पण तू गेलीस ना?"

"कुठे?"

"बसथांब्यावर लागलीयेस तू. मी सकाळपासून रडतेय गं. डोळे बघ माझे. एवढं रडले ते आता कुणाच्या नावावर टाकू?"

गिनकाआजीने रुमालाकडे पाहिलं, मग फुलांकडे. चारातलं एक फूल काढून तिने फिदान्काच्या हातात परत दिलं. "जोडीची फुलं मेलेल्याला. तीन राहू देत मला," ती म्हणाली. "आत ये, कॉफी उतू जाईल."

पण वार्नामध्ये स्नेझिनाला दिवसभर फोन येत राहिले. आईच्या आत्म्याला शांती लाभो, हे पंधरा जणांच्या तोंडून ऐकल्यावर, चूक छापखान्याची आहे हे माहीत असूनही ती संध्याकाळच्या बसने आली. आली ती रिकामी सुटकेस घेऊन. आईचं सामान भरायला.

"आई, ऐक. कागद चुकला हे मला कळतं. पण तो किती दिवस चुकीचा राहील?"

सुटकेस पायाने दूर सरकवल्याचा आवाज आला. जिन्यात मी एक पायरी खाली उतरले.

"तुझ्या त्या नवव्या मजल्यावर मी काय करू गं? कबुतरांशी बोलू?"

"आई, ऐक. समुद्र दिसतो तिथून."

"समुद्राला पलीकडचा काठ नसतो. बघायचं तरी काय त्यात?"

"निदान मशीन तरी सोड."

"मशीन सोडल्यावर मग मी इथे तरी कशाला राहू?"

हे आजी रागाने नव्हती म्हणाली. खरंच विचारत होती. नवरा नाही, बहीण नाही. आठवड्यातून तीन सकाळी क्लबात जायचं, फिदान्काशी भांडायचं, घाम पुसायचा आणि नदीकाठाने घरी यायचं, यावरच तिचं सगळं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टर हाजिएवांकडे गेल्या. तिथे मी नव्हते, पण परतल्यावर दोघींनी जे वेगवेगळं सांगितलं त्यातून मला तिघींचे आवाज मिळाले. डॉक्टरांनी आजीला तारा लावून चालवलं, पळवलं, कागद काढला. हृदय ठीक होतं.

"बरं, गिनकाकाकू, मशीन ओढताना तुम्ही श्वास रोखता का?"

"श्वास घ्यायला वेळ कुठे असतो? शेजारी फिदान्का असते."

"बरं. म्हणूनच पडलात. आता नियम एकच. दर ओढीला एक शब्द मोठ्याने बोलायचा. शब्द निघाला नाही तर समजायचं वेग जास्त झाला. शब्द निघतोय तोवर खुशाल ओढा."

मग स्नेझिनाने आपली अट घातली. येत्या शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत म्हाताऱ्यांच्या मशीनवरच्या पाचशे मीटरच्या शर्यती होत्या. "मी तुझ्या पाठीमागे उभी राहीन. तू गप्प झालीस की मी तुला ओढून उतरवणार आणि सुटकेस भरणार. शेवटपर्यंत बोलत राहिलीस तर मी एकटी जाईन आणि वार्नाचं नाव पुन्हा काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

पाचशे मीटर ऐकायला काही नाही. पण ज्यांनी ओढलंय त्यांना विचारा. पहिले शंभर हौसेने जातात, पुढचे शंभर हट्टाने, आणि त्यानंतर पाय, फुप्फुसं आणि अक्कल तिन्ही एकदम संपतात. त्यात बोलायचं म्हणजे जिना चढता चढता पोळी खाण्यासारखं.

आता बोलायचं काय, हा प्रश्न होता. कुन्चोकाका आमचे प्रशिक्षक. मी ज्युनियरांच्या नावेत सुकाणू धरते, त्यामुळे त्यांचा आवाज मला झोपेतही काढता येतो. "आकडे नको, गिनके, हां? आकडा म्हटला की तू पुढच्याला पकडायला धावतेस, हां?" प्रार्थना म्हणून पाहिली, तर आमेनपर्यंत लवकर पोचायच्या नादात आजी आणखी सुटली. शेवटी बानित्साची कृती सापडली; बानित्सा म्हणजे आमची चीजच्या थरांची, भट्टीत भाजलेली पोळी. बानित्सा घाईने होत नाही, तोंडीसुद्धा नाही. पीठ, पाणी, मीठ, लाटणं, लोणी, अंडी, चीज, दही, सोडा, आणि पुन्हा पीठ. चार दिवस आमच्या जिन्यात तिची बानित्सा भाजली जात होती.

शुक्रवारी मी खाली डोकावले. "आजी, अर्ध्यावर तुझी बोलती बंद होणार. फिदान्काआजी पुढे गेली की तुला शब्द सुचणार नाही."

"लाव पैज."

"मी हरले तर?"

"माझ्या शर्यतीनंतरचं जेवण संपेपर्यंत गप्प बसायचं. तोंड फक्त खायला उघडायचं."

"आणि जिंकले तर?"

आजी हातातलं पातेलं पुसत होती. "जिंकलीस तर मी वार्नात असेन, झोरी. खिडकीजवळचं टेबल तू घे, अभ्यासाला."

मी हो म्हटलं खरं, पण रात्री अंथरुणात पडल्यावर ते टेबल मला नको नकोसं झालं.

शनिवारी व्यायामशाळेत गर्दी होती. मार्च लागला म्हणून सगळ्यांच्या मनगटावर लाल-पांढरे मार्तेनित्साचे दोरे, भिंतीकडेला रबराचा वास, भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर प्रत्येकीच्या नावाची एकेक छोटी नाव. सत्तरीपुढच्या बायकांच्या फेरीत चार मशीनं होती. दुसऱ्यावर फिदान्काआजी, तिसऱ्यावर गिनकाआजी. मागे स्नेझिना, अंगात कोट तसाच, बटणंसुद्धा न सोडलेली. डॉक्टर हाजिएवा रक्तदाबाचं यंत्र घेऊन पहिल्या बाकावर.

"आज गाणार आहेस म्हणे," फिदान्का पायांचे पट्टे आवळत म्हणाली.

"स्वयंपाक करणार आहे."

"मी पोचले की वाढ."

शिट्टी झाली. फिदान्काआजी अशी सुटली जणू मागे कुत्रं लागलंय. पडद्यावर तिची नाव बघता बघता पुढे गेली.

"पीठ," गिनकाआजी म्हणाली आणि ओढलं. "पाणी." ओढलं. "मीठ."

हॉलमध्ये आधी हशा झाला. मग लोकांना कळलं की ही गंमत नाही, आणि हशा विरला. पंख्यांच्या घरघरीत तिचा आवाज स्पष्ट येत होता. कुन्चोकाका एरवी या वेळी भोंग्यातून "मार, मार, हां?" असं ओरडत असतात. आज भोंगा काखेत होता आणि ते हळूच म्हणत होते, "बोल. बोल. छान."

अर्ध्यावर फिदान्का दोन नावांच्या लांबीने पुढे होती. गिनकाआजीची नजर पडद्याकडे गेली. मी पाहिलं, आणि स्नेझिनानेही. आजीचा जबडा आवळला. "लोणी," ती म्हणाली आणि पुढची ओढ बिनशब्दाची गेली.

स्नेझिनाचा हात पुढे आला. मी पैज जिंकत होते आणि मनात आजीला 'अंडी, अंडी' असं सांगत होते.

"चीज," आजी म्हणाली. हात मागे गेला. ओढ जरा सैल झाली, आवाज परत जाड झाला. "दही. सोडा. साखर."

फिदान्काची मान वळली. "साखर?"

"साखर."

"चीजच्या बानित्सात," इथे तिला धाप लागली, "साखर कोण घालतं?"

"अंडी."

"अगं, साखर म्हणालीस आत्ता," फिदान्का म्हणाली आणि तिची ओढ चुकली, साखळी खडखडली. पडद्यावरच्या दोन्ही नावा जवळ यायला लागल्या. थोड्याच वेळात त्या एकमेकींना लागून होत्या आणि शेवटापर्यंत अंतर उरलं होतं मोजक्या ओढींचं.

आता आजी गप्प होणार हे सगळ्या हॉलला माहीत होतं. पन्नास वर्षांत तिने असं अंतर कधी कुणाला सोडलेलं नव्हतं. दात आवळून, श्वास कोंडून शेवटच्या आठदहा ओढी मारायच्या, हेच तर तिचं हत्यार. कुन्चोकाकांनी डोळे मिटून घेतले.

"भट्टीत," गिनकाआजी म्हणाली. ओढलं. "मंद." ओढलं. "आचेवर."

फिदान्काने तोंड वाकडं केलं, दोन जोरदार हिसके दिले आणि केसभर आधी पोचली. पाठोपाठ गिनकाआजीने शेवटची ओढ घेतली आणि म्हणाली, "झाली."

दांडी तिने स्वतः जागेवर ठेवली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पाहिलं, जरा थांबून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. माझा आत्ता याहून जास्त असेल."

स्नेझिना खाली फरशीवरच बसली. एकदम उकडल्यासारखी कोटाची बटणं काढायला लागली, एकेक करून सगळी. "आई, ऐक," ती म्हणाली आणि कोट काढून त्याची घडी करत बसली. शेवटी म्हणाली, "सहाची बस आहे. एकच तिकीट काढते."

"दोन दिवस राहा की. सुटकेस आणलीयेस ती घेवड्याने भरून देते."

"जिंकले मी," फिदान्काआजी मशीनवर आडवी पडून म्हणाली. "कुणाला ऐकू येतंय का? मी जिंकलेय."

जेवण क्लबाच्या मागच्या खोलीत होतं. घेवड्याचं सूप, पाव, मोठ्यांना जर्दाळूची कडक राकिया आणि सगळ्यांना बानित्सा, बिनसाखरेची. आणि गिनकाआजीने मला आपल्या शेजारी बसवलं, ओठांवर बोट ठेवून.

असं जेवण पुन्हा मिळायचं नाही. फिदान्काआजीने शर्यतीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती केसभर पुढे होती. दुसऱ्यांदा एका नावेने. तिसऱ्यांदा तर ती पोचल्यावर पाणी पिऊन आली आणि मग गिनका पोचली. कुन्चोकाका सांगत होते की आपण डोळे मिटलेच नव्हते, हां? स्नेझिनाला एका ग्लासात हसू फुटलं होतं आणि ती डॉक्टरांना नवव्या मजल्यावरच्या कबुतरांबद्दल सांगत होती, आईच्या आवाजाची नक्कल करत, आणि ती नक्कल तिला मुळीच जमत नव्हती. माझ्या जिभेला मुंग्या येत होत्या.

"झोरी, तू होतीस ना तिथे?" फिदान्काआजीने मला धरलं. "तूच सांग. माझं लक्ष उडवायला मुद्दाम म्हणाली की नाही ही साखर?"

सगळं टेबल माझ्याकडे वळलं. उत्तर मला ठाऊक होतं, कारण 'साखर' म्हणताना आजीच्या ओठाचा एक कोपरा वर गेलेला मी पाहिला होता. मी तोंड उघडलं.

"खाऊ दे तिला," गिनकाआजी म्हणाली. "भुकेली आहे पोर."

मी त्या तोंडात पाव घातला. ताट रिकामं करत आणलं, की एकदाचं जेवण संपेल. शेवटचा घास उचलला तेवढ्यात आजीने माझ्या ताटात बानित्साचा आणखी एक तुकडा वाढला, तळहाताएवढा, आणि सूपही.