चिमण्यांच्या घरची हजेरी

पार्दाइशमध्ये वर्षं मोजत नाहीत, शतकं मोजतात. पोर्तुगालातल्या कोइंब्राच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या घंटेखाली, विद्यार्थ्यांनी स्वतःच चालवलेली जी जुनी बिऱ्हाडं आहेत त्यांना सगळं गाव प्रजासत्ताक म्हणतं, आणि हा हिशेब त्या सगळ्यांचा. घराला एक वर्ष झालं की शंभर झाली असं धरायचं आणि दर वसंतात शताब्दी साजरी करायची. एकेका परीक्षेला तीन-तीनदा बसणाऱ्या पोरांनी काढलेला हिशेब तो, त्यात घाई कशाला असेल? पार्दाइश हे त्यातल्याच एका घराचं नाव, अर्थ चिमण्या. या हिशेबाने स्वयंपाकीण ग्रासिएतेने चिमण्यांच्या चुलीपाशी तीन हजारांहून जास्त वर्षं काढली होती, आणि तिचे गुडघे त्याची साक्ष देत होते.

शताब्दीच्या जेवणाला दोन प्रकारची माणसं येत. एक पाहुणे: कोपऱ्यावरचा पाववाला, विद्यार्थ्यांचे काळे झगे शिवणारी शेजारची शिंपीण, एखाददुसरा मायाळू प्राध्यापक. त्यांना छापील निमंत्रण जाई. दुसरे घरचे, म्हणजे तिथे राहणारे आणि पूर्वी राहून गेलेले. घरच्यांना निमंत्रण कसलं? त्यांनी आपलं यायचं, दार ढकलायचं आणि जेवायला काय आहे ते विचारायचं. एका वर्षी पोरांनी चुकून डॉक्टर बेल्मिरूला पत्र टाकलं, तर तो पोर्तूहून गाडी हाणत आला आणि दारातच भांडायला उभा राहिला. "मला निमंत्रण? का रे, मी मेलो की काय?" त्याची समजूत घालता घालता सूप निवून गेलं होतं.

कॉफी झाली की पाहुणे निरोप घेत. मग दाराला आतून कडी लागे आणि हजेरी सुरू होई. घरात जो ज्या क्रमाने राहायला आला त्या क्रमाने नाव पुकारायचं, त्याने "आहे!" म्हणायचं. जो आला नसेल त्याच्या नावाला शिव्या. जो वारला असेल त्याच्या नावाला सगळ्यांनी मिळून "आहे!" हजेरी संपेपर्यंत दार कोणासाठीही उघडत नसे. उशिरा येणारा खाली रस्त्यावर बोंबलत राही आणि वर सगळे हसत.

पूर्वी घरात राहून गेलेल्या अबीलिओची गोष्ट वेगळी होती. तो अझोरेस बेटांवरचा. नाताळात सगळी पोरं आपापल्या गावी पळत, याचं गाव समुद्रापल्याड. ग्रासिएतेचा नवरा आर्मिंदू तेव्हा नुकताच गेला होता, आणि मूलबाळ काही नव्हतं. सलग काही नाताळ दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुका मासा आणि उकडलेले बटाटे खात काढले. आपल्याला दुसरं कोणी नाही हे दोघांपैकी कोणीच बोलून दाखवलं नाही. शिक्षण संपवून तो बेटावर परत गेला आणि त्याच उन्हाळ्यात पोहताना बुडाला.

पुढच्या शताब्दीला त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मागून, स्वयंपाकघरातून, नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि ग्रासिएते ओरडली, "आहे!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. अबीलिओच्या नावाला सगळे गप्प बसत आणि उत्तर मागून येई, जरा उशिराने, कारण तिला आधी हात पुसावे लागत.

तिचं स्वतःचं नाव हजेरीत नव्हतं. हजेरी राहणाऱ्यांची, आणि ती रोज संध्याकाळी भांडी उरकून मोंदेगू नदीपलीकडे आपल्या घरी जाई. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. कडी लागायची तेव्हा ती आत असायची, तेवढं तिला पुरे होतं.

गेल्या नाताळात गुडघ्यांनी हात टेकले. पोरांनी तिला मेजवानी दिली, एक जण तिच्या गळ्यात पडून रडला, आणि ती चढण उतरून जी घरी आली ती आलीच. नदीपलीकडे दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीतून समोर विद्यापीठाचा मनोरा. स्वयंपाक एकटीपुरता करायचा म्हणजे किती करायचा हे तिला कळेना. सूप हमखास उरायचं. पोरं सुरुवातीला फोन करायची, मग परीक्षा आल्या. त्यांनाही बोल कसा लावणार? पोरांना पोरांचे दिवस असतात.

वसंत आला तसा तिचा जीव टांगणीला लागला. निमंत्रण आलं नाही तर काय समजायचं? घरची म्हणून धरली, की विसरले? आणि आलं तर? 'आलं तर' हा विचार ती पुरा करत नसे. रोज सकाळी ती जिन्याखाली पत्रपेटी उघडायची आणि आत विजेचं बिल दिसलं की तिला हायसं वाटायचं. विजेचं बिल बघून खूश होणारी बाई सगळ्या पोर्तुगालात ही एकच असेल.

एका सकाळी जाड, पांढरा लिफाफा आला. आत चिमणीचं चित्र आणि खाली सुंदर अक्षरात: आदरणीय दोना ग्रासिएते, आपल्या उपस्थितीने आमच्या शताब्दीची शोभा वाढावी अशी विनंती आहे.

आपल्या. विनंती. दोना, म्हणजे बाईसाहेब. ज्या पोरांना तिने, "ए गाढवा, पाय पूस आधी," असं म्हणत वाढवलं, जी तिला तिया म्हणजे मावशी म्हणायची आणि पातेल्यात बोटं घालायची, ती आता तिला शोभा वाढवायला बोलावत होती. ग्रासिएते त्या पायरीवरच बसली. तिला तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

जायचं नाही असं तिने ठरवलं, चारचौघींसारखं मोडलंही. शताब्दीच्या दिवशी निळा झगा घातला, कानात आर्मिंदूने दिलेल्या कुड्या घातल्या आणि थांबत थांबत टेकडी चढली. मागच्या गल्लीत स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दारानेच ती उभा जन्म आत गेली होती. आज ती पुढच्या दाराशी आली आणि घंटा वाजवली. घरच्या माणसाने कधी वाजवली नव्हती म्हणून की काय, त्या घंटेचा आवाज बाहेरून कसा येतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"तिया!" इरियाने दार उघडलं आणि तिला मिठी मारली. इरिया घरात राहणाऱ्यांत सगळ्यात मोठी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची. "किती नटलीयेस! ये, तुझी जागा खिडकीपाशी, पाववाल्या काकांच्या शेजारी."

"मी जरा आत बघून येते, मटण—"

"अजिबात नाही!" इरियाने तिचे दोन्ही खांदे धरले. "मला माहीत होतं तू हेच करणार. म्हणून तर मी सगळ्यांना सांगितलं, तियाला रीतसर निमंत्रण पाठवा. नाहीतर ती येईल आणि सरळ अ‍ॅप्रन बांधेल. आज तू बसायचंस. आज आम्ही वाढणार."

म्हणजे असं होतं तर. विसरले नव्हते. मायेनेच केलं होतं सगळं. मायेने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, आणि न रागावता ती गिळायची कशी हेही कळत नाही. ग्रासिएते खिडकीपाशी बसली.

तिला सगळ्यात आधी वाढलं. काळ्या मडक्यात तांबड्या वाइनमध्ये शिजवलेलं बकरीचं मटण छान झालं होतं, आणि ते छान झालं होतं याचंही तिला बारीकसं दुःख झालं. पाववाला आपल्या जावयाची गाऱ्हाणी सांगत होता. तेल्मू नावाच्या उंच पोराने खुर्चीवर उभं राहून तिच्या नावाने पेला उंचावला, टाळ्या झाल्या, ती हसली. पलीकडच्या लांब टेबलावर घरचे एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होते, मोठमोठ्याने भांडत होते. डॉक्टर बेल्मिरूने तिथूनच तिला हात केला आणि पुन्हा भांडणात घुसला. तिच्या ताटातलं कोणी काही उचललं नाही. तिने मुद्दाम बटाटा शेवटपर्यंत ठेवला होता.

खीर आली, दालचिनीची नक्षी काढलेली. कॉफी आली. मग तेल्मूने चमच्याने पेला वाजवला. "पाहुणे मंडळी, आपले आभार!"

पाववाला उठला. शिंपीण उठली. ग्रासिएते सावकाश उठली, जरुरीपेक्षाही सावकाश. कोणीतरी म्हणेल, तू कुठे निघालीस? इरिया आत कपबश्या नेत होती. बेल्मिरू पाठमोरा होता. तेल्मूने तिच्या खांद्यावर कोट चढवला, अगदी हळुवार. "टॅक्सी बोलावू, तिया?"

"नको रे. उतारच तर आहे," ती म्हणाली.

मागे कडी लागली. ही कडी बाहेरून कशी ऐकू येते हेही तिला आजच कळलं. पाववाला आणि शिंपीण बोलत बोलत वळणाआड गेले. ग्रासिएते तिथेच, भिंतीला हात टेकून उभी राहिली. तिला खूप एकटं वाटलं. आर्मिंदू गेला तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी यायला हे घर होतं.

वरची खिडकी उघडी होती. हजेरी सुरू झाली. नावं तिला तोंडपाठ होती. "बेल्मिरू!" "आहे!" "सेर्जिओ!" शिव्यांची लाखोली. नावं पुढे सरकत होती आणि ती ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर चालत होती.

"अबीलिओ!"

वर सगळे गप्प झाले. ग्रासिएतेचे हात आपोआप झग्याला पुसले गेले. मग तिच्या लक्षात आलं की आपण बाहेर आहोत, आणि पाहुण्यांना हजेरीत आवाज नसतो.

शांतता लांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मागून उत्तर का नाही?" हा बेल्मिरू. "तिया कुठाय?"

"गेली," तेल्मूचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाहुण्यांबरोबर."

"पाहुण्यांबरोबर? कोणाची पाहुणी ती?"

 ग्रासिएतेने मान वर केली, भिंतीवरचा हात काढला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून रस्त्यावरून ओरडली, "आहे!"

 खिडकीत इरियाचा चेहरा आला, रडवेला. "तिया! थांब, मी दार उघडते—"

"हजेरी चाललीय ना?" ग्रासिएते खालून कडाडली. "मग दार कसलं उघडतेस गं? नियम काय आहे?"

आत कोणीतरी नाक ओढलं. मग तेल्मूने घसा साफ केला आणि पुढचं नाव पुकारलं. जिना उतरून कोणी आलं नाही. पाहुणी असती तर सगळे धावत आले असते. ग्रासिएते उंबऱ्याशी पायरीवर बसली, गुडघे चोळत, आणि दार उघडायची वाट बघू लागली. आत भांडी तशीच पडली असतील, असं तिच्या मनात आलं.