वन्संचे वर्कफ्लो

खराडीतली आमची कंपनी चालते ती मालकांच्या भांडवलावर नाही की इंजिनिअरांच्या डोक्यावर नाही, ती चालते आमच्या वन्संच्या जिवावर, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. 'वेळ मिळाला नाही' असं त्या सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. कर्वेनगरात आमच्याच घरी राहतात, आणि मला नोकरी त्यांनीच लावून दिल्यामुळे ऑफिसातही त्या माझ्या साहेब. म्हणजे सकाळी घरात नणंद, दिवसभर ऑफिसात नणंद, आणि मधल्या ट्रॅफिकमध्ये गाडीत शेजारच्या सीटवर नणंद. हे कळल्यावर माझ्या आईनं माझी दृष्ट काढली होती. घरी मी त्यांना ताई म्हणते, ऑफिसात मॅडम आणि मनात वन्सं. मनातली हाकही त्यांना ऐकू जाते असा माझा जुना संशय आहे.

काही वर्षांपूर्वी कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात म्हणे एकदा नीट सांगून ठेवलं की रोजची कामं पुढे ते स्वतःच करतं. बिल आलं की योग्य फोल्डरमध्ये टाकतं, कुणाची मुदत संपत आली की त्याला निरोप धाडतं. त्यालाच वर्कफ्लो म्हणतात. शिकवायला आलेला मुलगा दोन तास इंग्रजीत बोलून गेला आणि कुणाला काडीचं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वन्संनी डब्याचं झाकण टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "ऐका. पहिला प्रकार, काहीतरी घडलं की सुटणारा. दाराची बेल वाजली की आपण उठतो ना, तसा. दुसरा घड्याळाचा. बेल वाजो न वाजो, सहाला दुधाची पिशवी आत घ्यायचीच. तिसरा बटणाचा, कुणी सांगितलं तरच हलणारा. आणि चौथा मंजुरीचा. सगळी तयारी झालेली, पण थोरल्यांनी 'हो' म्हणेपर्यंत ताटकळायचं."

"लग्नाच्या बोलणीसारखं," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. फरक इतकाच की इथे नकार लेखी मिळतो," वन्सं म्हणाल्या आणि भाजीकडे वळल्या. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात वर्कफ्लो न कळणारा माणूस उरला नाही, एक आमचे मोठे साहेब सोडले तर.

तिथेच थांबल्या असत्या तर त्या वन्सं कसल्या? त्यांनी सगळी माणसंही या चार प्रकारांत बसवून टाकली. सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, बटणवाला. "दाबल्याशिवाय हा गीझरसुद्धा बंद करणार नाही. हा दोष नाही, प्रकार आहे," असं त्यांनी मला लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी समजावून सांगितलं आणि खरं सांगते, माझे अर्धे वाद त्या दिवशी मिटले. मी स्वतः पहिल्या प्रकारातली. कुठे खुट्ट झालं की सुटलेच. साहेब अर्थातच मंजुरीवाले. आमच्या सोसायटीतला प्लंबर मात्र कुठेच बसेना. बोलावलं तरी येत नाही, ठरलेल्या वेळी येत नाही आणि पाइप फुटला तरी येत नाही. वन्संनी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला आणि शेवटी प्लंबर बदलला.

मंजुरीच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं कडक. एकदा रात्री जेवताना मी सहज म्हटलं, "ताई, परवा मला सुट्टी हवीये, भाचीचं बारसं आहे." त्या आमटी वाढून घेत म्हणाल्या, "अर्ज आलेला नाही." मी डाव्या हातानं फोन उचलून तिथल्या तिथे अर्ज टाकला. त्यांच्या फोनवर टिंग झालं. आमच्या ह्यांनी आशेनं मान वर केली. वन्संनी ताकभात संपवला, ताट उचललं, हात धुतले, पुसले, चष्मा लावला, अर्ज पहिल्यापासून वाचला आणि मग 'मंजूर'वर बोट ठेवलं. "उष्ट्या हातानं मंजुरी देत नाही मी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मिनिटाला आत जाऊन भाचीसाठी आणून ठेवलेलं झबलं घेऊन आल्या. बारशाचं त्यांना आठवडाभर आधीच माहीत होतं.

चुकल्या त्या एकदाच. येणाऱ्या प्रत्येक मेलला 'आभारी आहोत' असं उत्तर जाईल अशी त्यांनी सोय केली, आणि नेमकी तीच सोय आम्हाला स्टेशनरी पुरवणाऱ्याकडेही होती. शनिवारी त्यानं एक मेल पाठवला. इकडून आभार गेले, तिकडून आभार आले, त्या आभारांचे पुन्हा आभार गेले. पाहुणे निरोप घेऊन उंबऱ्यात उभे राहतात आणि तिथेच तासभर बोलतात, तसं हे अख्खा रविवार चाललं. सोमवारी मेलबॉक्स तुडुंब. वन्संनी शांतपणे फ्लो बंद केला आणि म्हणाल्या, "सभ्यपणालासुद्धा कुठेतरी थांब म्हणावं लागतं."

यंदा मार्चअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. जानेवारीत कॉम्प्युटर विभागानं कळवलं की मॅडमचं खातं बंद झालं की त्या खात्यावरचे सगळे फ्लोही बंद होतील. आणि कंपनीतले झाडून सगळे फ्लो वन्संच्याच नावावर. त्या हे सांगायला साहेबांकडे गेल्या, सोबत मी होते. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, ते सगळं आता आपोआप होतं ना? तुम्ही निवांत व्हा." मला त्या माणसाचा इतका राग आला की मी टेबलावरचं पेन उगीचच उचलून खाली ठेवलं. वन्सं उठल्या. संध्याकाळी गाडीत येरवडा गेलं, डेक्कन आलं. कर्वे रोडच्या सिग्नलला म्हणाल्या, "आपोआप फक्त दूध उतू जातं." मला तेव्हा कळलं की बाईंच्या मनाला लागलंय. इतकी वर्षं काम जितकं नीट केलं तितकं ते लोकांना दिसेनासं झालं, आणि आता तर ते पुसलंच जाणार होतं.

मग त्यांनी कंबर कसली. प्रत्येक फ्लोला नवा मालक हवा, म्हणून मुलीला स्थळ बघावं तशी माणसं बघायला लागल्या. पगाराचा फ्लो कुणाला द्यायचा? "तो मुलगा हुशार आहे, पण दुपारी दोनला डुलक्या घेतो. नको." एकेकाला शेजारी बसवून शिकवलं, परीक्षा घेतल्या, नापास करून पुन्हा शिकवलं. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या खात्यावर एकच फ्लो उरला. बाहेर शाल-श्रीफळ तयार होतं, वडे गार होत होते, आणि मी त्यांना बोलवायला आत गेले, तर त्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या. फ्लोचं नाव होतं 'आईला फोन'. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांना आठवण करून देणारा.

सासूबाई बिबवेवाडीतलं आपलं घर सोडायला कधी तयार झाल्या नाहीत, म्हणून वन्सं रोज ऑफिसातून त्यांना फोन करायच्या. सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

"हा बंद करायचा राहिला का, ताई?" मी विचारलं.

"राहिला नाही. ठेवला होता." त्यांनी चष्मा पुसला. "सातला टिंग झालं की बरं वाटायचं. आता जाईल खात्याबरोबर."

"माझ्या नावावर करा."

"तुला काय उपयोग? तुझी आई सातला मालिका बघते, फोन उचलत नाही."

"असू दे. मला हवाय," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. परीक्षा न घेता त्यांनी दुसऱ्याला दिलेला तो एकमेव फ्लो. मग पदर सारखा करून त्या शाल घ्यायला बाहेर गेल्या.

एक एप्रिलला ऑफिसात मी एकटी. सात वाजता स्क्रीनच्या कोपऱ्यात 'आईला फोन' असं उमटलं आणि मी घरी वन्संना फोन लावला. "काय काम आहे?" "काही नाही." "मग काम कर," म्हणून त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सिलिंडर आल्याचं सांगितलं. पुढे पुढे कोथिंबिरीचा भाव, समोरच्यांचं भांडण, गुडघा, असं काय काय यायला लागलं, आणि ठेवायची घाई माझ्याकडून व्हायला लागली.

परवा साहेबांची मीटिंग लांबली. बाहेर येऊन फोन लावला तेव्हा साडेसात होऊन गेले होते. पहिल्याच रिंगला उचलला.

"आज उशीर केलास," वन्सं म्हणाल्या. आणि मग, "मला वाटलं, बंद पडला."

"नाही ताई," मी म्हटलं, "चालू आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही उद्या भाजी कुठली करायची ते ठरवलं.